धागे मोजणाऱ्याचा आकडा

कापड पारखताना इंचात धागे किती, हे भिंगाखाली मोजणं सोलापूरकरांना नवं नाही. हेच काम झटपट व्हावं म्हणून हान्स पीटर लून या जर्मन संशोधकाने ‘लुनोमीटर’ काढला. बारीक रेघांची ही पट्टी कापडावर ठेवली की रेघा आणि धागे मिळून एक नक्षी उमटते आणि तिच्यावरून धाग्यांची संख्या वाचता येते. क्रेडिट कार्डावरचा शेवटचा आकडा याच माणसाची देणगी. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये कार्ड आणलं, त्या काळात दुकानात इम्प्रिंटर असे. खाचेत कार्ड, वर कार्बनची पावती, आणि मूठ एकदा इकडून तिकडे : खर्र! रुळाचा सगळा दाब कार्डावरच्या उठावदार आकड्यांवर पडे, म्हणून कार्बन तेवढाच उमटे. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक दुकानात, एक बँकेला.

कार्ड चोरीचं तर नाही? दुकानदार सही ताडून बघे, बाद कार्डांच्या छापील यादीवरून बोट फिरवे. रक्कम ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर फोन करून परवानगीचा क्रमांक घ्यावा लागे. मर्यादेच्या आतली खरेदी मात्र पावती पोचेपर्यंत बँकेला ठाऊकच नसे. एवढा व्यवहार विश्वासावर चाले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढे पावत्यांवरचे लांबलचक नंबर माणसं बोटांनी यंत्रात भरत. चूक व्हायचीच. तिथे लूनचा तो शेवटचा आकडा कामी येई. १९५४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तोही हातात मावणाऱ्या यांत्रिक साधनासाठी. विजेचा संबंध नाही.

तो आकडा असा निघतो : सोलापूरचा पिनकोड घ्या, ४१३००१. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक आकडा दुप्पट करा (दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे अंक मिळवा). १ चे २, ० चा ०, १ चे २. उरलेले ०, ३, ४ तसेच. बेरीज ११. ती २० व्हायला ९ हवेत, म्हणून शेवटी ९ जोडा : ४१३००१९. आता कुणी घाईत ४३१००१९ लिहिलं, तर बेरीज २२ येते. दहाने भाग जात नाही, चूक पकडली! शेजारचे ० आणि ९ उलटले तर मात्र ही युक्ती फसते.

आज मोबाइलवर कार्डाचा एक आकडा चुकला की बँकेला विचारण्याआधीच लाल अक्षरं उमटतात. ती तपासणी बहुधा लूनचीच असते.