नव्या वाणासाठी संस्थांचे सहकार्य : ‘नांदेड-४४’चा बोध

नवे उत्पादन एकट्याच्या बळावर क्वचितच उभे राहते. कारखान्यातील वस्तूप्रमाणेच शेतातील बियाण्यालाही हे लागू आहे. वाण निर्माण करणारा शास्त्रज्ञ, बीजोत्पादन करणारी संस्था, शुद्धता तपासणारी यंत्रणा आणि ते पेरणारा शेतकरी या सर्वांचा मेळ बसला, तरच संशोधनाचे चीज होते. हा मेळ बसल्याने होणारा लाभ आणि तो ढळल्याने होणारी हानी, ही दोन्ही ‘नांदेड-४४’ या संकरित कपाशीच्या वाटचालीत स्पष्ट दिसतात.

केंद्रातून शेताकडे

सुरत येथील संशोधन केंद्राने १९७० मध्ये ‘संकर-४’ हे कपाशीचे जगातील पहिले व्यापारी संकरित वाण दिले. परभणी येथे १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रात ‘बीएन-१’ व ‘एसी-७३८’ यांच्या संकरातून ‘नांदेड-४४’ तयार करण्यात आले आणि १९८०च्या दशकात ते शेतकऱ्यांच्या हाती पडले. रसशोषक किडींना बऱ्यापैकी तोंड देणारे व एक बहर गेल्यावर पुन्हा फुलोरा धरणारे हे वाण कोरडवाहू भागास मानवले.

संकरित बियाणे घरी राखून पुढील वर्षी पेरल्यास पीक एकसारखे येत नाही. मादी वाणाच्या फुलातील पुंकेसर सायंकाळी हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नर वाणाचे पराग लावावे लागतात. असे कष्टाचे काम दरवर्षी मोठ्या प्रमाणावर करावयाचे, तर सक्षम बीजोत्पादक संस्था हवी. अकोला येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाबीज’सारख्या संस्थेचे महत्त्व येथे ध्यानी येते.

साखळीतील कच्चा दुवा

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीस मान्यता मिळाली आणि शेतकरी तिकडे वळला. बोंडअळीस प्रतिकार करणारे जनुक नसल्याने ‘नांदेड-४४’ मागे पडले. वाण गुणी होते. परंतु नव्या तंत्राशी त्याची सांगड वेळेवर घातली गेली नाही.

त्यानंतर नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाड येथील कृषी विज्ञान विद्यापीठ यांसह सार्वजनिक संस्थांनी ‘बिकानेरी नरमा’ व ‘नांदेड-४४’ यांची बीटी रूपे विकसित केली. ‘बिकानेरी नरमा’चे बियाणे २००९ मध्ये बाजारात आले. मात्र त्यात खासगी कंपनीच्या तंत्रातील जनुकाची भेसळ असल्याचा प्रश्न उपस्थित झाला आणि वितरण थांबविण्यात आले. पुढे चौकशी समितीही नेमावी लागली. अनेक प्रयोगशाळांतून फिरणाऱ्या नमुन्यांच्या शुद्धतेची जबाबदारी नेमकी कोणाची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

नंतर विद्यापीठ व ‘महाबीज’ यांनी सामंजस्य करार करून या वाणास बीटी रूप देण्याचे काम हाती घेतले. वाण विद्यापीठाचे, बीजोत्पादन व वितरण महामंडळाचे, अशी ही वाटणी होती. परंतु २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचेही राज्यात मोठे नुकसान केले. कोणतेही उत्पादन कायमचे पुरे पडत नाही. यास्तव सहकार्यही एका करारावर संपत नाही, हेच यातून दिसून आले.

आपल्या गावी काय करावे?

लातूर परिसरातील सोयाबीनलाही हेच सूत्र लागू पडते. सोयाबीन स्वपरागित असल्याने शेतकरी स्वतःचे बियाणे राखू शकतो. विद्यापीठाच्या ‘एमएयूएस-७१’सारख्या वाणाचे पायाभूत बियाणे घेऊन गटाने प्रमाणित बियाणे तयार करावयाचे ठरविल्यास चार गोष्टी लेखी असाव्यात : मूळ बियाणे कोण देणार, क्षेत्राची तपासणी कोण करणार, खरेदीचा दर कसा ठरणार, आणि उगवण कमी निघाल्यास तोटा कोणी सोसायचा. यांपैकी शेवटच्या प्रश्नावर बहुधा मौन पाळले जाते आणि पुढचा वाद नेमका तेथेच निर्माण होतो.

पंचायत सदस्यांनी असा करार ग्रामसभेत वाचून दाखवावा. शिक्षकांनी पेरणीपूर्वी विद्यार्थ्यांकडून शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवणीची चाचणी करून घ्यावी. बियाण्याची पारख गावातच होऊ लागली, म्हणजे शेतकरी हा या सहकार्यातील केवळ गिऱ्हाईक न राहता खरा भागीदार ठरेल.