घराला मागचं दार
एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये गिरणी कामगारांची अनेक घरं पाठीला पाठ लावून बांधलेली असत. मागची भिंत शेजाऱ्याची; तिला ना खिडकी, ना दार. मग वारा आरपार खेळणार कसा? टायटस सॉल्ट यांनी १८५३ मध्ये शहराबाहेर गिरणी उघडली आणि तिच्या शेजारी सॉल्टेअर वसवलं. लॉकवुड आणि मॉसन या वास्तुरचनाकारांनी तिथे दगडी घरांच्या रांगा आखल्या. आजूबाजूच्या भिंती सामाईक, त्यामुळे दगड वाचतो, थंडीत ऊबही टिकते. मागे मात्र प्रत्येकाचं फरसबंद अंगण आणि त्यात स्वतःचा संडास! मुकादमांची घरं मोठी. हुद्द्याची ही उतरंड मला खटकते. तरी मागचं दार मिळालं, हे फार मोलाचं. २००१ पासून सॉल्टेअर जागतिक वारसास्थळ आहे, आणि त्या घरांत आजही कुटुंबं राहतात.