सहावीच्या वर्गाची परदेशवारी

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या की सहलींचे वारे वाहू लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या मुलांची सहल म्हणजे पूर्वी वेरूळ, दौलताबाद, पैठण, फार तर अजिंठा. एसटीची निम्म्या भाड्यात मिळणारी गाडी, घरून बांधून दिलेली पोळी-चटणी आणि दर थांब्यावर सरांनी घेतलेली हजेरी, एवढ्या सामग्रीवर पिढ्या घडल्या. ही सहल आजही निघते. परंतु अलीकडे शहरातील काही शाळांच्या पालकसभांत एक निराळेच माहितीपत्रक हातोहात फिरू लागले आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा-बारा दिवस परदेशी जायचे. सकाळी तेथील एखाद्या खेड्यातील शाळेची भिंत रंगवायची वा झाडे लावायची, दुपारी नदीत राफ्टिंग अथवा डोंगरावर गिर्यारोहण करायचे आणि परतताना प्रमाणपत्र घेऊन यायचे. ‘सेवा आणि साहस’ असे या प्रवासाचे वर्णन केलेले असते.

गेल्या हिवाळ्यात नातवाच्या शाळेतील अशाच एका सभेला मी गेलो होतो. खर्चाचा आकडा तीन लाखांच्या घरात होता. एका कार्यालयात कारकून असलेल्या गृहस्थांनी उभे राहून विचारले, ‘हप्ते किती पाडून मिळतील?’ उत्तर ऐकून ते खाली बसले आणि पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी ते खिशात ठेवले. पुढच्या आठवड्यात वर्गात नावे विचारली गेली तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, ‘बाई, मला विमान लागतं.’ तो मुलगा आजवर विमानात बसलेला नव्हता. वडिलांवर नाही म्हणण्याची वेळ येऊ नये, यासाठी अकरा वर्षांच्या पोराने शोधून काढलेली ती सबब होती. वर्गशिक्षिकेने ती मला सांगितली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

लहान वयात परदेश पाहणे ही गोष्ट वाईट आहे, असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्ञानासाठी दूरदेशी जाण्याचे मोल आपल्या जिल्ह्याला तरी कोणी सांगायला नको. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात येऊन गेला आणि त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार अजिंठ्याचाच असावा, असे अभ्यासक मानतात. साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरीस ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, त्याच्या मुळाशीही प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांच्या सहवासात राहावे, एकमेकांची भाषा शिकावी हाच विचार होता. प्रश्न आहे तो अशा प्रवासाला कोणते नाव द्यायचे, त्याची जबाबदारी कोणी घ्यायची आणि त्याची संधी कोणाला मिळायची, हा. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर परदेशवारी हे शिक्षण ठरेल. ती मिळाली नाहीत तर तो निव्वळ व्यापार ठरेल.

सेवा कोणाची?

प्रथम ‘सेवा’ या शब्दाचा विचार करू. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समधील वेर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात काही सहकाऱ्यांना घेऊन घरे उभारण्याचे काम आरंभिले. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांतील माणसे त्या कामात एकत्र आली होती. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था त्यातूनच वाढली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हाच सेरेसोल मोजक्या सहकाऱ्यांसह मुजफ्फरपूर भागात आला आणि पुनर्वसनाची गावे वसविण्यात त्याने स्वतःचे हात मळविले. पुढे १९५० च्या दशकात याच संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांच्याकडे राहिले आणि तेथील बांधकामाला त्यांचा हातभार लागला. ही खरी सेवा होय. ती करणारे प्रौढ होते, त्यांना एखादे कौशल्य अवगत होते, गरज कशाची आहे हे त्यांनी स्थानिक माणसांना विचारले होते आणि काम पुरे होईपर्यंत राहण्याची त्यांची तयारी होती.

बारा वर्षांच्या मुलाजवळ यांपैकी काय असते? उत्साह असतो, निर्मळ मन असते. परंतु चार दिवसांत भिंत रंगवून तो परगावचे दुःख हलके करू शकत नाही. उद्या दहा परदेशी मुले आपल्या फुलंब्री किंवा सोयगाव तालुक्यातील शाळेत आली आणि चार सकाळी कुंचले चालवून, गावातल्या मुलांबरोबर छायाचित्रे काढून निघून गेली, तर आपण त्यांचे प्रेमाने स्वागत करू. मात्र त्यांनी आपली सेवा केली, असे कोणी छापले तर आपल्याला ते रुचणार नाही. शिवाय त्याच गावातील रंगाऱ्याला चार दिवसांची मजुरी मिळाली असती, हेही आपल्या ध्यानात येईल.

अशा हौशी सेवेमुळे प्रत्यक्ष अपायही होतो. कंबोडियात पर्यटक आणि स्वयंसेवक यांचा ओघ वाढला, तसतशी तेथील अनाथालयेही वाढत गेली. युनिसेफच्या साहाय्याने २०११ साली झालेल्या अभ्यासात असे आढळले की, त्या संस्थांतील बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात होते. पाहुण्यांना भेटायला अनाथ मुले हवी होती, म्हणून गरिबांची मुले घरापासून तोडून तेथे आणली जात होती. भल्या हेतूने दिलेल्या देणगीचा असा विपरीत परिणाम होऊ शकतो, हे मोठ्यांनाही उमगायला वेळ लागला. मग मुलांना ते कसे उमगावे?

या बाबतीत आपल्याकडचा एक शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी तरुणांसाठी उन्हाळी छावणी सुरू केली, तिचे नाव ‘श्रमसंस्कार छावणी’. भर मे महिन्यात खोरे-फावडे चालविणाऱ्या तरुणांना तेथे कोणी उपकारकर्ते म्हटले नाही. श्रमाचा संस्कार श्रम करणाऱ्यावर होतो, हे त्या नावातच सांगून टाकले आहे. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच सांगावे: तुम्ही देण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी जात आहात, ज्यांच्या घरी उतराल त्यांचे ऋण घेऊन या.

जबाबदारी कोणाची?

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. ‘आमच्याकडे प्रशिक्षित मार्गदर्शक आहेत’, या एका वाक्यावर पालक विश्वास टाकतात. हे वाक्य किती तोकडे पडते, याचे उदाहरण इंग्लंडने अनुभवले आहे. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेतील आठ विद्यार्थी आपल्या शिक्षकासह लाइम बे येथील समुद्रात लहान होड्या घेऊन उतरले. सोबत दोन प्रशिक्षक होते. वारा वाढला, होड्या उलटल्या, मदत पोहोचायला काही तास लागले आणि चार मुले प्राणास मुकली. या केंद्रातील सुरक्षेचे वाभाडे काढणारे पत्र तेथे पूर्वी काम केलेल्या दोन प्रशिक्षकांनी आधीच लिहिले होते. त्याकडे लक्ष दिले गेले नव्हते. चालकाला कारावास झाला आणि १९९५ साली ब्रिटिश संसदेने मुलांच्या साहस केंद्रांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. चार घरांतील दिवे मालवल्यानंतर तो कायदा आला, हे विसरता येत नाही.

दूर कशाला जावे? १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्यातील हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविली होती आणि अनेक मुलांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट नव्हते. तेथे शिक्षक हजर होते. परंतु ‘या नावेत माझी मुले बसणार नाहीत’ असे ठणकावून सांगण्याची मुभा आणि तयारी शिक्षकाला आपण देतो काय, याचा विचार व्हायला हवा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण परक्या देशातील नदीकाठी आपल्या शासनाचा हात पोहोचत नाही. तेथे मुलांचे रक्षण करणार तो सोबत गेलेला शिक्षकच.

तो शिक्षक किती मुलांवर लक्ष ठेवू शकेल? डोरिस ॲलन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५१ साली सिनसिनाटी येथे निरनिराळ्या देशांतील अकरा वर्षांच्या मुलांचे पहिले शिबिर भरविले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगात शांततेचे शिक्षण लहानपणीच द्यावे, असा त्यांचा विचार होता. त्या परंपरेतील बालशिबिरांत प्रत्येक देशाकडून दोन मुलगे, दोन मुली आणि त्यांच्यासोबत एक प्रौढ नेता जातो. चार मुलांमागे एक जाणता माणूस, हे प्रमाण शाळांनी डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. माहितीपत्रकावर चाळीस मुलांमागे किती माणसे लिहिली आहेत, हे पालकांनी मोजून पाहावे.

माघार घेण्याची सिद्धता हीदेखील सुरक्षिततेचाच भाग आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियात भरलेल्या जागतिक स्काउट मेळाव्यात चाळीस हजारांहून अधिक मुले जमली होती. कडक उन्हाने शेकडो मुले आजारी पडली. तेव्हा ब्रिटनच्या पथकाने सुमारे साडेचार हजार जणांना तंबूंतून काढून सोलच्या हॉटेलांत हलविले. मेळावा जगप्रसिद्ध संघटनेचा होता, खर्च भरून झाला होता, तरीही पथकप्रमुखांनी निर्णय घेतला. आपल्या शाळेच्या सहलीत असा निर्णय कोण घेणार, त्याचा दूरध्वनी क्रमांक कोणता, विमा किती रकमेचा, जवळचे रुग्णालय किती अंतरावर, याची लेखी उत्तरे पैसे भरण्यापूर्वीच मिळाली पाहिजेत.

संधी कोणाला?

आता तिसरा आणि माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न. सहावीचा वर्ग हा समाजातील त्या थोड्या जागांपैकी एक आहे, जिथे डॉक्टरांची मुलगी आणि कारकुनाचा मुलगा एका बाकावर बसतात, एकच धडा वाचतात. शाळेच्याच नावाने निघालेली सहल जेव्हा त्या बाकाचे दोन भाग करते, तेव्हा मागे राहिलेल्या मुलालाही एक धडा मिळतो. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो आणि जन्मभर विसरत नाही. कुटुंबाने आपल्या पैशाने मुलाला कोठेही न्यावे, तो त्यांचा अधिकार आहे. शाळेच्या हजेरीपटावरून निवडली जाणारी नावे मात्र बापाच्या पगारावरून ठरता कामा नयेत.

दुसरा मार्ग आहे आणि तो आपल्याच राज्यात चोखाळला गेला आहे. २०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतील सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांची ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने परीक्षा घेतली. तेरा हजारांहून अधिक मुले त्या परीक्षेला बसली. त्यांतून निवडलेल्या पंचाहत्तर मुलांपैकी पन्नास जणांना ‘इस्रो’ आणि पंचवीस जणांना अमेरिकेतील ‘नासा’ दाखविण्याचे ठरले. खर्चाचा भार जिल्हा परिषदेने उचलला. त्यांत अशी मुले होती, ज्यांनी आगगाडीचा प्रवासही केला नव्हता. पंचवीस ही संख्या अल्प आहे आणि परीक्षेत मागे पडलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तरीही येथे कोणाच्या वडिलांना भर सभेत उभे राहून हप्ते विचारावे लागले नाहीत. शिवाय या प्रवासाला कोणी ‘सेवा’ म्हटले नाही. मुले विज्ञान पाहण्यासाठी निवडली गेली आणि तसेच सांगितले गेले.

आपल्या शहरातील शाळांना एवढे करणे अशक्य वाटत असेल, तर निदान क्रम तरी बदलता येईल. ज्या वर्गाला परदेशी जायचे आहे त्याने आधी वर्षभर आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या गावाशी नाते जोडावे. मराठवाड्यात पाण्यासाठी श्रमदान करणारी गावे आहेत, गौताळ्याचे जंगल आहे, पितळखोऱ्याच्या लेण्यांची वाट आहे. श्रम आणि साहस दोन्ही येथे एसटीच्या अंतरावर आहेत आणि त्यांत अख्खा वर्ग सामील होऊ शकतो. पुढे परदेशी जायचेच असेल तर शाळेने निधी उभारावा, जाणाऱ्या सधन मुलांच्या वर्गणीतून काही जागा राखाव्यात आणि जेथे जायचे तेथील मुलांना परतभेटीचे निमंत्रण द्यावे. त्यांची मुले आपल्या घरी भाकरी खायला आली, तरच ते नाते बरोबरीचे होईल.

येत्या पालकसभेत पत्रक हाती पडेल तेव्हा हे तीन प्रश्न मोठ्याने विचारावेत आणि त्यांची उत्तरे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत, अशी माझी शिक्षकांना व पालकांना विनंती आहे. संकोच वाटला तर त्या अकरा वर्षांच्या मुलाची आठवण ठेवावी. त्याने वडिलांची लाज राखण्यासाठी वर्गापुढे खोटे बोलण्याचे धैर्य दाखविले. आपल्याला तर केवळ खरे विचारायचे आहे.