पोलादाच्या नावाला भुलू नका
हत्यारं-अवजारं : लेखांक ६

मागच्या लेखांकात पात्याचा आकार पाहिला. आज पोलाद. सुरीच्या जाहिरातीत हल्ली सर्वांत ठळक अक्षरांत पोलादाचं नाव असतं: डी2, 440सी, एस30व्ही, मॅग्नाकट. घेणाराही आधी तेच विचारतो. माझ्या मते हा तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. सुरी कशावर चालणार, कुठल्या हवेत राहणार आणि तिला धार कोण लावणार, हे ठरल्याशिवाय त्या नावाला काडीचाही अर्थ नाही.

सुरुवात एका अमेरिकन खलाशापासून करू. 1953 साली बॉब लव्हलेस तेलवाहू जहाजावर नोकरीला होता. न्यूयॉर्कमधल्या अॅबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात तो रँडॉल बनावटीची सुरी घ्यायला गेला, तर नऊ महिने थांबा म्हणून सांगण्यात आलं. गडी थांबणाऱ्यातला नव्हता. नेवार्कच्या भंगारातून त्याने 1937 सालच्या पॅकार्ड मोटारीची कमान मिळवली आणि तिच्यातून स्वतःची सुरी घडवली. पुढे हाच माणूस अमेरिकेतल्या शिकारी सुऱ्यांचा सर्वांत नावाजलेला कारागीर झाला. मागच्या वेळी ज्याबद्दल लिहिलं, ते किंचित उतरत्या टोकाचं पातं लोकप्रिय करण्याचं श्रेय त्याचंच.

आपल्याकडचा लोहार तरी वेगळं काय करतो? ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तोडायचा, भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकायचा आणि कोयता काढायचा. कमानीच्या पोलादात साधारण 0.6 टक्के कार्बन असतो. असंख्य वेळा वाकून पुन्हा सरळ होणं हेच त्याचं काम, त्यामुळे ते चिवट असतं. वाळक्या फांदीवर घाव तिरका बसला तरी अशा कोयत्याचा तुकडा उडत नाही. एवढंच, की खड्ड्यांतून लाखो किलोमीटर धावलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. ती घडवताना बुजत नाही, पात्यात तशीच उतरते.

मग कमानीच्या पोलादाने सुरू केलेल्या लव्हलेसने 1972 च्या सुमारास 154सीएम नावाचं, मुळात तापणाऱ्या बेअरिंगांसाठी बनलेलं पोलाद का उचललं? उत्तर शिकारीच्या कामात आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत एल्क नावाचं, आपल्या सांबराच्या तोडीचं धिप्पाड हरीण मारतात. गोळी लागली म्हणजे काम संपलं असं होत नाही, खरं तर तिथून सुरू होतं. मांस खराब होऊ नये म्हणून ते लवकर थंड करावं लागतं. त्यासाठी जनावर तिथेच फाडायचं, कातडं काढायचं, सांधे सोडवून तुकडे करायचे आणि पाठीवरून खाली आणायचे. केसांत धूळ आणि वाळलेला चिखल गच्च भरलेला असतो. प्रत्येक काप म्हणजे धारेसाठी वाळूतून जाणं. सांधा सोडवताना पातं हाडावर आपटतं, कधी पिळलं जातं. वरून रक्त, म्हणजे मिठाचं पाणीच, तासन् तास पात्यावर राहतं. बोटं गारठलेली, हात चरबीने निसरडे. मध्येच थांबून दगडावर धार लावत बसायची कुणाची इच्छा नसते.

झीज, खांडं पडणं आणि गंज हे धारेचे तीन शत्रू इथे एकदम चालून येतात. आणि एकाचा बंदोबस्त केला की दुसऱ्याला वाट मोकळी होते. पोलादाची सगळी निवड म्हणजे या तिघांतला कोण तुमच्या कामात जास्त त्रास देणार ते ओळखणं.

झिजेवरचा उपाय कार्बाइड. पोलादातला कार्बन क्रोमियम, व्हॅनेडियम अशा धातूंशी जोडला गेला की अतिशय कठीण कण तयार होतात. हे कण धारेची झीज रोखतात. पण ते मोठे असले की घात करतात. शेंगदाण्याची चिक्की पातळ, सरळ कापायला गेलं की दाण्यापाशी कड फुटते. राजगिऱ्याची चिक्की सुबक कापली जाते. पात्याचंही तसंच. डी2 हे मुळात पत्रा कापणाऱ्या डायसाठीचं पोलाद. त्यात 1.5 टक्के कार्बन आणि 12 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, कार्बाइडचे कण मोठे असतात. कातडी सोलताना त्याची धार दीर्घकाळ टिकते. पण तीच धार खूप पातळ घासून हाडावर मारली, तर खांडं पडतात.

यावर अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने तोडगा आणला तो भुकटीचा. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या दाबाने फवारा करायचा. प्रत्येक थेंब क्षणात गोठतो, कार्बाइडच्या कणांना वाढायला वेळच मिळत नाही. मग ती भुकटी डब्यात बंद करून उष्णतेने आणि दाबाने एकजीव करायची. 2001 साली आलेलं एस30व्ही याच पद्धतीचं, आणि ते खास सुऱ्यांसाठी बेतलेलं होतं. त्यात 4 टक्के व्हॅनेडियम आहे. व्हॅनेडियम कार्बाइड इतकं कठीण असतं, की नेहमीच्या धारेच्या दगडातल्या कणांनाही ते दाद देत नाही. हिऱ्याची कणी बसवलेली पट्टी घ्यावी लागते. म्हणजे धार उशिरा जाते, आणि गेली की जंगलात परत आणणं अवघड. ही गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत.

आता गंज. पोलाद गंजू नये म्हणून क्रोमियम लागतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण डी2 मध्ये 12 टक्के क्रोमियम असून ते कोकणातल्या पावसाळ्यात डाग धरतं. 2021 साली लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने बेतलेल्या मॅग्नाकटमध्ये क्रोमियम 10.7 टक्केच आहे आणि ते खाऱ्या हवेतही उत्तम टिकतं. हे कसं? डी2 मधलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कणांत अडकून पडतं. जे कार्बनशी बांधलं गेलं, ते गंजाशी लढायला मोकळं नसतं. थॉमसने मिश्रण असं जुळवलं, की क्रोमियमचे कार्बाइड उरतच नाहीत. झीज रोखायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियमच्या बारीक कणांकडे जातं आणि क्रोमियम सगळं मोकळं राहतं. म्हणून निव्वळ टक्केवारीचा तक्ता वाचून पोलाद निवडणाऱ्यांची मला काळजी वाटते.

याहून मोठी गफलत पाणी देण्याबाबत होते. सुरीचं पोलाद कुठलंही असो, ते ठरावीक तापमानाला नेऊन झटकन थंड केल्याशिवाय कडक होत नाही, आणि नंतर कमी आचेवर पुन्हा तापवून, म्हणजे टेंपरिंग करून, त्याचा ठिसूळपणा उतरवल्याशिवाय कामाचं होत नाही. साध्या कार्बन पोलादाला 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. अनुभवी लोहार ते रंगावरून ओळखतो. लोखंड 770 अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं, ती खूणही हाताशी असते. स्टेनलेसला मात्र 1000 अंशांच्या वर, मोजून तितकाच वेळ ठेवावं लागतं. ते भात्याच्या भट्टीचं काम नाही. गावातल्या लोहाराला महागडी स्टेनलेस पट्टी नेऊन दिली आणि सुरी बिघडली, तर दोष त्याचा नव्हे. त्याच्याकडून कमानीच्या पाट्याची सुरी करून घ्या, आणि पाण्याऐवजी तेलात विझवायला सांगा. त्या पोलादाला पाण्याचा धक्का सोसेलच असं नाही, चीर जाऊ शकते.

पाणी चांगलं दिलं तर साधं पोलाद काय करतं, याचा दाखला म्हणजे बक कंपनीची 110 क्रमांकाची घडीची शिकारी सुरी. ती 1964 च्या सुमारास बाजारात आली आणि अजून खपते. तिचं पातं अनेक वर्षं 420एचसीचं आहे. कार्बन अर्धा टक्कासुद्धा नाही. पोलादाच्या नावांचे शौकीन त्याला नाकं मुरडतात. पण पॉल बॉस या तज्ज्ञाने बसवून दिलेल्या उष्मोपचारामुळे ते कठीणपणाच्या रॉकवेल मापात 58 च्या आसपास जातं, गंजत नाही आणि साध्या दगडावर पटकन धार घेतं. वाईट पाणी दिलेल्या एस30व्हीपेक्षा मी ही सुरी डोळे झाकून घेईन.

आणखी एक गोष्ट पोलादाच्या नावाला मागे टाकते: धारेचा कोन. सुऱ्यांची धार मोजण्यासाठी शेफील्डच्या काट्रा या संस्थेचं एक यंत्र वापरतात. ते वाळू मिसळलेला जाड कागद पात्याने ठरावीक दाबाखाली पुन्हा पुन्हा कापतं आणि किती कागद कापला गेला ते मोजतं. थॉमसने अशा चाचण्यांतून दाखवलं, की धारेचा कोन अरुंद केला तर धार कापत राहण्याचा काळ प्रचंड वाढतो. जाड कोनाच्या भारी पोलादाला पातळ कोनाचं साधं पोलाद सहज गाठतं. अर्थात पातळ कोन सोसण्याइतकं ते चिवट हवं. आणि हे यंत्र फक्त झीज मोजतं हेही ध्यानात ठेवा. हाडावर आपटलेल्या धारेचं किंवा पावसात भिजलेल्या म्यानातल्या पात्याचं काय होतं, ते त्या आकड्यात येत नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे एल्कचं कातडं हा आपला प्रश्न नाही. सह्याद्रीत हिंडणाऱ्याची सुरी दोर कापते, काटक्या सोलते, कांदा-बटाटा चिरते, क्वचित फांदी फोडते. आपला पहिला शत्रू झीज नाही, गंज आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाठपिशवीत कोरडं असं काही राहत नाही. कैरी चिरल्यावर विळी काळी पडते ते प्रत्येक घरात पाहिलेलं आहे. तो काळा थर पात्याला त्रास देत नाही, तांबडा गंज देतो. कार्बन पोलाद आवडत असेल तर खुशाल घ्या, पण प्रत्येक वापरानंतर पुसून खोबरेलाचं बोट फिरवायचं आणि पातं चामड्याच्या म्यानात ठेवून विसरायचं नाही. चामडं ओल धरून ठेवतं.

हे जमणार नसेल, आणि बहुतेकांना जमत नाही, तर स्वीडिश 12सी27 किंवा 14सी28एन. दोन्हींत कार्बन 0.6 टक्क्यांच्या आसपास, कण बारीक, धार पटकन लागते. स्वीडनच्या मोरा गावातल्या स्वस्त, दणकट सुऱ्यांची स्टेनलेस पाती याच जातीची आहेत आणि तिकडचे शिकारी त्यांवर वर्षानुवर्षं काम करतात. लाकूड फोडायचंच असेल तर सुरीला ताण देऊ नका. कमानीचा कोयता त्यासाठीच आहे.

घेताना दोन गोष्टी करा. पात्यावर 'सर्जिकल स्टेनलेस' किंवा नुसतं 'जपानी पोलाद' लिहिलं असेल तर सुरी खाली ठेवा. त्यातून काहीच कळत नाही. ताटवाट्यांचं 304 हेही स्टेनलेसच, पण ते पाणी देऊन कडक होत नाही. दुसरं, दुकानदाराने करू दिलं तर धार पितळी सळईवर आडवी ठेवून हलकेच दाबा. धार जराशी लवून पूर्ववत झाली तर पाणी नीट दिलंय. वाकलेलीच राहिली तर पोलाद मऊ, दाता उडाला तर ठिसूळ. कायद्याचंही पाहा: घरगुती, शेती अशा कामांसाठीची सोडून 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्र नियमांच्या कक्षेत येते. जंगलात फिरायला चार इंच भरपूर झाले.

माझं मत विचाराल तर पहिल्या सुरीला 14सी28एन घ्या, उरलेल्या पैशांत एक चांगला धारेचा दगड घ्या आणि धार लावायला शिका. पुढच्या आठवड्यात मूठ: लाकूड, शिंग की रबर, आणि ओल्या हातातून सुरी का निसटते.