कुत्र्या-मांजरांचा कॅन्सर आणि दारातली सदाफुली

कुत्र्या-मांजरांना कॅन्सर होतो का? होतो, आणि आपल्याला वाटतो त्याहून अधिक होतो. पूर्वी तो फारसा दिसत नसे, कारण गावातलं कुत्रं तेवढं जगतच नव्हतं. गाडीखाली यायचं, नाहीतर पिल्लू असतानाच जुलाबाच्या साथीत जायचं. आता लस टोचलेलं, दोन वेळ पोटभर खाणारं कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं आणि म्हातारपणाचे आजार त्याच्याही वाट्याला येतात.

मी माणसांचा डॉक्टर. पण हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात बसलं की कुत्रं चावलं म्हणून लस घ्यायला येणारे असतातच, आणि त्यांच्यातलाच कोणीतरी जाता जाता विचारतो, "साहेब, आमच्या कुत्र्याला गाठ आलीय, एखादी गोळी लिहून द्या की." ती मी लिहून देत नाही. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे, हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्या घरातली साधी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. मग रक्त तपकिरी पडतं, हिरड्या काळपट होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या आपल्या नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. डायक्लोफिनॅकची तर गिधाडांच्या बाबतीत काय करामत झाली ते सर्वांना ठाऊक आहे. जनावरांसाठी ते वापरण्यावर २००६ साली बंदी घालावी लागली.

आपल्याकडच्या मोकळ्या कुत्र्यांत नेहमी दिसणारा एक कॅन्सर मोठा विलक्षण आहे. कुत्र्याच्या किंवा कुत्रीच्या लघवीच्या जागी फुलकोबीसारखी लालसर गाठ येते आणि रक्त ठिबकत राहतं. कुत्री असेल तर लोक 'माजावर आली' म्हणून सोडून देतात. पण माजाचा स्राव दोन-तीन आठवड्यांत थांबतो, हा थांबत नाही. कधी ही गाठ नाकात किंवा तोंडातही येते. हा कॅन्सर एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, मुख्यतः समागमातून आणि चाटण्या-हुंगण्यातून. इथे विषाणू किंवा जंतू काहीही नसतो. कॅन्सरच्या जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर रुजतात. २०१९ साली ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून असं दिसतं की हा रोग आशियात, साधारण ४ ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी एकाच कुत्र्याच्या अंगात सुरू झाला. ते कुत्रं कधीच मेलं, पण त्याच्या पेशी आजही जगभरच्या कुत्र्यांत जगताहेत.

सरसमच्या बाजूचा एक शेतकरी मागच्या हंगामात कुत्रं चावल्याची लस घ्यायला आला होता. रात्री सोयाबीन आणि हळदीत रानडुकरं घुसतात म्हणून त्याने शेतावर कुत्रं पाळलेलं. त्यालाच हा रक्तस्राव लागला होता. घरच्यांनी धास्ती घेतली, लेकरांना लागेल म्हणून कुत्रं पैनगंगेपलीकडे नेऊन सोडायचं ठरलं होतं. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. हा रोग माणसाला लागत नाही. आणि कुत्रं नेऊन सोडलं तर ते पलीकडच्या गावातल्या कुत्र्यांना तो देत फिरेल. तिसरी गोष्ट त्याला खरी वाटेना. कॅन्सर असूनही हा आजार बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरा होतो.

त्यावरचं औषध व्हिन्क्रिस्टीन. ते मिळालं सदाफुलीतून, म्हणजे आपल्या अंगणात, वाड्याच्या कडेला पाण्यावाचूनही फुलणाऱ्या झाडातून. १९६० च्या दशकापासून लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर हे औषध दिलं जातं, आणि तेच या कुत्र्यांना शिरेतून आठवड्याला एकदा, साधारण चार ते सहा वेळा देतात. कॅन्सरच्या औषधांत हे स्वस्तातलं. मात्र इंजेक्शन शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून ते जाणत्या हातानेच द्यायला हवं. आणि सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला पाजू नका, स्वतःही घेऊ नका. पाल्यात औषध किती आणि विष किती याचा काही मेळ नसतो.

कुत्रीच्या स्तनातल्या गाठी हा दुसरा मोठा गट. ढोबळमानाने यातल्या निम्म्या घातक निघतात. मांजरीत मात्र दहातल्या आठ-नऊ घातक असतात, म्हणून तिथे 'बघू पुढे' हे धोरण चालत नाही. लहान वयात केलेल्या नसबंदीने हा धोका कमी होतो. १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रींत धोका, न झालेल्यांच्या तुलनेत, अर्ध्या टक्क्यावर आलेला दिसला. त्या आकड्यांवर पुढे शंका घेतल्या गेल्या, तरी नसबंदी टाळून माज थांबवायला हार्मोनची इंजेक्शनं देत राहणं हा उलटा मार्ग आहे, कारण त्यांनी स्तनाच्या गाठी वाढतात. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर किंवा नाकावर न भरणारी खपली दिसली तर तो उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर असू शकतो. आपल्याकडचं ऊन पाहता त्याकडे दुर्लक्ष नको.

आणि हो, शेतकऱ्याला जनावराचा कॅन्सर नवा नाही. बैलाचं एक शिंग सैल पडतं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं, बैल मान झटकत राहतो. तोही कॅन्सरच, आणि लवकर शिंग काढलं तर बैल वाचू शकतो.

उपचारांची नावं आमच्यासारखीच. सुईने पेशी काढून तपासणं, शस्त्रक्रिया, केमोथेरपी. हेतू मात्र वेगळा. माणसाला आम्ही बरं करण्यासाठी खूप त्रास सोसायला लावतो, कारण त्याला कशासाठी ते सांगता येतं. कुत्र्याला सांगता येत नाही. त्यामुळे पशुवैद्यक डोस बेताचा ठेवतात. उरलेले दिवस बरे जावेत, एवढंच अनेकदा उद्दिष्ट असतं. उलट्या, केस गळणं हे त्यामुळे माणसापेक्षा कमी दिसतं. औषध दिल्यावर काही दिवस त्याची लघवी-विष्ठा हातमोजे घालूनच उचलायची. घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम करू नये.

जायचं कुठे? आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, आपण ज्याला ढोरांचा दवाखाना म्हणतो तिथे. पुढच्या तपासण्यांसाठी उदगीर आणि परभणीला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालय सुरू झालं. पण हिमायतनगरहून आजारी कुत्रं घेऊन मुंबई गाठणं कितीजणांना परवडेल? माझ्या मते तो खर्च कर्ज काढून करू नये, आणि तो न केल्याचा अपराधही वाटून घेऊ नये. जिथे इलाज नाही तिथे दुखणं आवरणं आणि शेवटी पशुवैद्यकाच्या हातून शांत मरण देणं, हाही उपचारच आहे. उपाशीपोटी कण्हत पडू देणं किंवा रानात सोडून येणं, हे नव्हे.

महिन्यातून एकदा अंघोळ घालताना बोटं फिरवा. पोटाखाली, स्तनांच्या रांगेत, काखेत, तोंडाच्या आत. गाठ वाटाण्याएवढी असेल तेव्हाच दाखवा, लिंबाएवढी व्हायची वाट पाहू नका. फुटलेल्या गाठीवर हळद-चुना लावू नका. आणि दुखऱ्या गाठीला हात लावताना पाळलेलं कुत्रंही चावतं, तेव्हा आधी तोंड बांधा. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुऊन आमच्याकडे या.