टू-स्ट्रोक इंजिनाचे ट्यूनिंग : एक बदलाल तर बाकीचे जुळवा



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एखादे तरी टू-स्ट्रोक इंजिन आहे. पाठीवरचा फवारणी पंप, गवत कापायचे मशीन, नाहीतर पोराने जपून ठेवलेली जुनी आरएक्स-१००. इंजिन दिसायला साधे, म्हणून जो तो पाना घेऊन बसतो. कोणी सायलेन्सरची पुंगळी काढतो, कोणी फिल्टरचा स्पंज काढून टाकतो, कोणी ऑईल कमी घालतो. चार दिवस मशीन जोरात चालल्यासारखे वाटते आणि ऐन फवारणीत पिस्टन धरतो. असे का होते, आणि ट्यूनिंग जाणणारे लोक हेच काम कोणत्या क्रमाने करतात, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

ताकद येते कोठून?

फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. येथे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना त्या उघडतात व मिटतात. जळालेला धूर बाहेर जाणे आणि ताजे मिश्रण आत येणे ही दोन्ही कामे जवळजवळ एकाच वेळी चालतात. त्यामुळे थोडे ताजे पेट्रोलही धुराबरोबर निसटते.

हे निसटणारे मिश्रण परत आत लोटण्याचे काम सायलेन्सर करतो. त्याचा पाईप आधी फुगत जातो व मग निमुळता होतो. धुराच्या दाबाचा धक्का निमुळत्या भागावर आपटून मागे फिरतो आणि पोर्ट मिटण्याच्या आत ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० नंतरच्या दशकात ही विद्या पक्की केली. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला. त्याच्याबरोबर ही विद्या जपानच्या सुझुकीकडे गेली, आणि तेथून सगळीकडे पसरली.

तेव्हा सायलेन्सर हा नुसता आवाज दाबायचा डबा नव्हे, तो इंजिनाचाच भाग आहे. पुंगळी काढली की आवाज वाढतो. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असे मात्र होत नाही.

वाळूतल्या गाड्यांचे उदाहरण

या विद्येचा भरपूर वापर करणारी मंडळी अमेरिकेत भेटतात. तेथे चार जाड टायरांच्या, हँडलच्या खेळाच्या गाड्या असतात. त्यांना क्वाड म्हणतात. कॅलिफोर्नियातील वाळूच्या टेकड्यांवर त्या पळवतात. यामाहाची बॅन्शी ही त्यांतली नावाजलेली गाडी. १९८७ ते २००६ पर्यंत ती अमेरिकेत विकली गेली. तिचे इंजिन दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, ३४७ सीसीचे.

आपल्याकडची राजदूत ३५० आठवते का? १९८३ मध्ये ती बाजारात आली. तिचे इंजिन हवेने थंड होणारे, पण घराणे तेच. बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४ मिलिमीटर, दोन्हींत सारखा. जपानी मूळ गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. आपल्याकडे पोर्ट व सायलेन्सर बदलून ती सुमारे ३० वर आणली आणि पुढे मायलेजसाठी आणखी उतरवली. म्हणजे तेच सिलिंडर पोर्ट आणि पाईप बदलून चढवता येते, तसे उतरवताही येते.

बॅन्शीवाले काय करतात? आधी सायलेन्सर बदलतात. मग हवा मोकळी येण्यासाठी फिल्टर व रीड व्हॉल्व्ह बदलतात. पुढे धुराचे पोर्ट वर घासतात. शेवटी हेड घासून कॉम्प्रेशन वाढवतात. पण प्रत्येक सुधारणेची किंमत मोजावी लागते. धक्का परत येण्याची वेळ ठराविक फेऱ्यांनाच जुळते. पोर्ट वर घासला की वरच्या फेऱ्यांत गाडी उसळते, खालच्या फेऱ्यांत दम जातो. वाळूत पळवायला ते चालते, पंप चालवायला नाही. कॉम्प्रेशन फार वाढवले तर इंजिन ठोकते आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे हवा वाढली की पेट्रोलही वाढवावे लागते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑईल येते. पेट्रोल कमी पडले की मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि ऑईलही अपुरे पडते. म्हणून जाणकार आधी सिलिंडर, क्रँकचे सील व कार्ब्युरेटरचे रबर यांतून हवा चोरते का ते तपासतो. मग मुद्दाम मोठा मेन जेट बसवतो, आणि एकेक नंबर उतरत प्लगचा रंग पाहतो. विटकरी-तपकिरी रंग बरोबर, पांढरा म्हणजे मिश्रण पातळ, काळा-ओला म्हणजे जाड.

पाना न लावता झालेला बदल

आता आपल्या घरचा प्रश्न. इंजिन कोणी उघडले नाही, तरी २०२५ पर्यंत एक बदल होऊन गेला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. हे इथेनॉल आपल्या उसातूनही बनते, त्यातून कारखान्यांना पैसा मिळतो आणि त्याचे आम्हाला समाधान आहे. पण इंजिनाचा हिशेब सभासदांनी जाणलाच पाहिजे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. ई-२० ला साधारण १३.५ किलो. याचा अर्थ, जेट तोच ठेवला तर मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होते. नव्या मोटारींतला संगणक हे सांभाळून घेतो. साध्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. फवारणी पंप तर टाकीमागून टाकी फुल थ्रॉटलवर चालतो, वाळूतल्या गाडीसारखाच. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते.

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा पाहावी. प्लग पांढरा दिसला, किंवा फुल थ्रॉटलवर इंजिन आपोआप वर ओरडू लागले, तर लगेच बंद करावे आणि फिटरकडून जेट जुळवून घ्यावा.

२. ऑईल पुस्तिकेप्रमाणेच घालावे. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, ५० ला १ म्हणजे २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये. जास्त ऑईल घातले तर तेवढे पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण उलट पातळच होते.

३. ऑईल मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाणी फार झाले की इथेनॉल व पाणी तळाशी बसते, ऑईल वर पेट्रोलमध्ये राहते. नळी तळातूनच ओढते, मग पिस्टनला ऑईल कोठून मिळणार? हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत मशीन चालवावे.

४. फिल्टर काढून मशीन चालवू नये. हवा वाढते आणि धूळही आत जाते.

५. जुन्या रबरी नळ्या व वॉशर दरवर्षी पाहावेत. चिरलेली नळी हवा चोरते.

घरातल्या पोरांना मोटारसायकलचा नाद असेल तर रागावण्यापेक्षा हा लेख त्यांना वाचायला द्यावा. काय बदलले, त्याबरोबर काय जुळवले आणि प्लगचा रंग कसा आला, एवढे वहीत लिहून ठेवायची सवय त्यांना लागली, तर तेच पोरगे उद्या आपल्या पंपाचेही इंजिन सांभाळील.