आवाज वाढवण्याआधी खोली पाहा

‘टीव्हीचा आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही’, ही साठीपुढच्या रुग्णांची नेहमीची तक्रार. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘फ’सारखी व्यंजने त्यातच मोडतात. त्यात हौसेने होम थिएटर बसवलेली खोली म्हणजे खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काच, भिंती उघड्या. एका अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर चढतो. मग रिमोट हाती येतो. पण आवाजाबरोबर घुमाराही वाढतो!

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास.

खोलीत एक टाळी वाजवा. ती घुमली, तर जाड गालिचा, चुण्यांचे जाड पडदे, कापडी सोफा, भरलेले पुस्तकांचे कपाट यांचा उपयोग होतो. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. तो कपाटात कोंबू नका. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात अर्थ नाही, उलट आगीची भीती. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज मात्र गालिचा-पडद्यांनी फारसा अडत नाही.

एवढे करूनही शब्द निसटत असतील, तर कान तपासून घ्या. कधी नुसता मळ निघतो, कधी ऑडिओमेट्री करावी लागते.